दुपारची शिट्टी

ललिता ओव्हाळला पाण्याची भीती वाटायची, आणि तिचं पोट चालत होतं पाण्यावर. कर्वेनगरच्या मागच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी जे तळं आहे, तिथल्या बोटिंगवर येणाऱ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट चढवायचं, हे तिचं काम. पाचेक वर्षं ती ते करत होती, पण बोटीत तिने स्वतः कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणी छेडलंच तर म्हणायची, "हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का?" आणि पुढच्या माणसाचा पट्टा ओढायला घ्यायची.

त्याआधी ती सदाशिव पेठेत एका तळघरात शाळेची दप्तरं शिवायची. बकलं, पट्टे, चेन यांत तिचा हात असा बसला होता, की बोलता बोलता ती न बघता बकल लावत असे. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या, पाठोपाठ दप्तरं आणि मग तळघरही. नवरा रतन शहर बसवर कंडक्टर होता, तो कंबर गेल्यापासून घरीच होता. मुलगी निकिता तेव्हा कॉलेजात होती. अशा वेळी बोटिंगचा ठेका घेतलेल्या हिंदुरावांनी विचारलं आणि ललिता हो म्हणाली. तिला हो म्हणायची सवयच होती. तोंडाने 'नाही' म्हणायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

काम तसं सोपं. जॅकेट घालायचं, पुढची तिन्ही बकलं लावायची, मग दोन्ही खांद्यांशी धरून वर उचलून बघायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल, पुन्हा आवळायचं. शेवटी पाठीवर थाप. अवघड होतं ते गिऱ्हाईक. पुण्याचा माणूस जॅकेट घालण्याआधी ते हुंगून बघतो. "हे धुता का कधी?" "मागच्याचा घाम आमच्या अंगाला का?" "मी टिळक टँकवर पोहायला शिकलोय, मला कशाला हवं हे?" आणि बोट काठापासून दूर गेली, की फोटोसाठी बकलं काढायला सगळे मोकळे. ललिता काठावरून हात करून ओरडायची. ते लोक तिला हात करून दाखवायचे.

प्रत्येक जॅकेटच्या खांद्याला दोरीने एक काळी शिट्टी बांधलेली असायची. पाण्यात पडलं, अडकलं तर वाजवायची. पोरं अर्थातच पडायची वाट बघत नसत. जॅकेट अंगात जायच्या आत शिट्टी तोंडात जायची. दिवसभर तळ्यावर पिरपिर चालायची, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक सोसायटी होती. तिथले निम्मे लोक निवृत्त. दुपारी जेवून आडवं होणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क.

सोसायटीच्या सेक्रेटरी जयाताई. बँकेतून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. दिवाळीतले फटाके, जिन्यात मांजरांना दूध घालणारे, नदीकाठचं ढोलपथक, सगळ्यांना त्यांनी तक्रारी करकरून सरळ केलं होतं. एक दिवस त्या बोटिंगवर आल्या आणि हिंदुरावांना म्हणाल्या, "अहो, आपण शिट्टी केव्हा वाजवतो? संकटात. आपल्याकडे रोज दुपारी एवढी संकटं येत असतील, तर बोटिंग बंदच केलेलं बरं, नाही का?"

ठेक्याच्या नूतनीकरणाला शेजारच्या सोसायटीची हरकत नको, हे हिंदुरावांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पाटी लागली: 'दुपारी १ ते ४ बोटिंग बंद.' खाली जयाताईंच्या आग्रहावरून 'तक्रारीसाठी संपर्क' आणि हिंदुरावांचा नंबर. आणि ललिताच्या हातात कात्री आली.

"सगळ्या शिट्ट्या कापून टाका ताई," हिंदुराव म्हणाले.

"अहो, पण वेळ आली तर?"

"वेळबिळ काय न्हाय येत. आलीच तर बोंब मारता येती की."

ललिताने शिट्ट्या कापल्या. एकेक दोरी कापताना तिला बरं वाटत नव्हतं, पण न कापता घरी जायची तिच्यात धमक नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. शिट्ट्या तिने बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात भरल्या आणि डबा शेडमधल्या फळीवर ठेवून दिला. असंच हळूहळू बाकीचंही गेलं. चार नंबरची हंसाची बोट तळाशी जरा पाझरायची, म्हणून तीत पाणी उपसायला एक मग ठेवलेला असे. तो हिंदुरावांनी काढून घेतला, कारण मग दिसला की गिऱ्हाईक विचारतं, बोट गळते का. फेकायची दोरी शेडसमोर बांधून तिच्यावर जॅकेटं वाळत पडायची. यातलं काही चुकतंय हे ललिताला कळत होतं. कळून काय करणार?

मे महिन्यातली दुपार होती. दत्तोबा नावेकरी जेवून शेडच्या सावलीत घोरत होता, हिंदुरावांनी नुकताच डबा सोडला होता आणि जयाताई हजर. खांद्याला स्टीलची पाण्याची बाटली, बरोबर नात, रेवा. बंगळूरहून सुट्टीला आलेली, सहा-सात वर्षांची, हातात भाकरवडीचा प्लास्टिकचा डबा.

"संध्याकाळचं विमान आहे हो हिचं. आईला जाऊन सांगेल, आजीने समोरचं तळंसुद्धा दाखवलं नाही."

"ताई, आता बंद हाय," हिंदुरावांनी पाटीकडे बोट केलं.

"ती पाटी मीच लावायला सांगितली, मला काय वाचून दाखवता? आम्ही काय शिट्ट्या मारणार आहोत का? एक चक्कर, की लगेच परत."

हिंदुरावांनी घास तसाच धरून विचार केला. नूतनीकरण तोंडावर होतं. बाकीच्या बोटी काठावर चढवलेल्या होत्या, धक्क्याला लागलेली एकच होती, चार नंबरची हंसाची. पण जयाताईंच्या गुडघ्यांना दोन्हीकडचं पायडल एकटीने झेपणार नव्हतं, आणि दत्तोबाला झोपेतून उठवणं म्हणजे शिव्या खाणं.

"ललिताताई, तुमी जावा की संगट. पायच तर मारायचेत."

ललिताने एकदा पाण्याकडे पाहिलं. पण 'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर येईपर्यंत तिचा एक पाय बोटीत होता.

आणखी एक गोष्ट त्या घाईत झाली. लहान मुलांची जॅकेटं सकाळीच धुतली होती, ती दोरीवर ओली होती. ललिता त्यातलं एक काढायला गेली तर जयाताई म्हणाल्या, "ओलं नको. विमानात शिंकत बसेल." मग ललिताने मोठ्यांचंच जॅकेट रेवाच्या अंगात घातलं, पट्टे होते तेवढे आवळले आणि खांद्यांशी धरून वर उचललं. जॅकेट सरळ पोरीच्या डोक्यावरून वर आलं. रेवा आत खिदळली. हे जॅकेट पाण्यात एकटंच तरंगेल, हे ललिताला त्या क्षणी स्पष्ट दिसलं होतं. तरी तिने ते पुन्हा खाली बसवलं आणि पाठीवर थाप मारली. एका चकरेचा तर प्रश्न होता. जयाताईंच्या आणि स्वतःच्या अंगातही तिने घाईघाईतच जॅकेटं चढवली. जयाताईंनी पर्स, आतल्या फोनसकट, हिंदुरावांच्या टेबलावर ठेवली, पाण्यात पडायला नको म्हणून. ललिताचा फोन शेडमध्ये चार्जिंगला होता.

सुरुवात बरी झाली. ललिता पाण्याकडे न बघता समोर बघून पाय मारत होती. वळणापलीकडे गेल्यावर धक्का दिसेनासा झाला आणि जलपर्णी लागली. उन्हाळ्यात तिथला निम्मा कोपरा ती गिळते. हिरवीगार, मध्ये मध्ये जांभळी फुलं.

"आज्जी, ते फूल."

"न्या हो जरा जवळ," जयाताई म्हणाल्या. जलपर्णीत एक मोकळी वाट दिसत होती, तिच्यातून त्या आत शिरल्या. जयाताईंनी वाकून फूल तोडलं, रेवाने केसात खोचलं. तेवढ्यात टेकडीकडून वारा आला. फार नव्हता, घामेजल्या मानेला बरा वाटला. पण जलपर्णीला मुळं असली तरी ती जमिनीत रुतलेली नसतात. वाऱ्याबरोबर ती अख्खी सरकली आणि मागची वाट दार लोटल्यासारखी बंद झाली.

ललिताने पाय मारला. पायडल अर्धं फिरून थांबलं. जयाताईंनी जोर लावला, दोघींनी मिळून लावला. खाली मुळं चाकाला गुंडाळली होती. उलटं मारून पाहिलं, तेही नाही. आता चारी बाजूंना हिरवं होतं आणि मध्ये पांढरा हंस, मान वर करून उभा.

गंमत अशी, की त्या काठापासून लांब नव्हत्या. सोसायटीची भिंत, भिंतीमागची आंब्याची झाडं, त्यामागच्या गॅलऱ्या, सगळं दिसत होतं. जयाताईंच्या गॅलरीत वाळत घातलेला त्यांचाच निळा टॉवेल ओळखू येत होता.

"चालत जाऊया की," रेवा म्हणाली आणि उठून तिने एक पाय बाहेर टाकला. हिरवळीवर टाकावा तसा.

ललिताने तिचं जॅकेट धरून मागे ओढलं. हातात जॅकेट आलं, पोर निसटायला लागली. दुसऱ्या हाताने दंड पकडला म्हणून ती आत पडली. बूट मात्र भिजला. ललिताने तिला बाकड्याच्या मधोमध बसवलं. खाली दोन पुरुष पाणी होतं आणि वर मुळांचं जाळं. त्यात पडलेल्याला वर यायला वाट नसते, हे दत्तोबा येता-जाता सांगायचा.

"अंगावर ओरडू नका तिच्या," जयाताई म्हणाल्या. ललिता ओरडली नव्हती. जयाताईंचाच आवाज चढला होता.

मग पायाला गार लागलं. ललिताने खाली पाहिलं, बोटीत पाणी आलं होतं. नेहमीच्या फेरीत एवढं यायच्या आत बोट धक्क्याला लागते आणि दत्तोबा उपसून टाकतो. इथे धक्का नव्हता, दत्तोबा नव्हता, मगही नव्हता. ललिताला शेड डोळ्यांपुढे दिसली. फळी, फळीवरचा बिस्किटांचा डबा, डब्यात तिने स्वतःच्या हाताने कापून ठेवलेल्या शिट्ट्या. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, हिंदुरावांचा, या बाईंचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पोरीच्या पाठीवर थाप तिनेच मारली होती.

"ताई, ओढणी द्या," ती म्हणाली. एरवी तिने कुणाला असं फर्मावलं नसतं. तिने ओढणी रेवाच्या दोन्ही पायांमधून घेऊन जॅकेटला पुढे-मागे घट्ट गाठ मारली आणि उचलून पाहिलं. आता जॅकेटबरोबर पोर वर आली. रेवाला टोचत होतं, ती कुरकुरली. जयाताईंनी डबा उघडला, भाकरवड्या तळ्यात ओतल्या आणि डब्याने पाणी उपसायला लागल्या.

आणि दोघी ओरडायला लागल्या. हिंदुरावांनी सांगितलेली बोंब ती हीच. "वाचवा" म्हणून ओरडल्या, "कुणी आहे का" म्हणून ओरडल्या. रेवाला खेळ वाटला, तीही ओरडली. दुसऱ्या मजल्यावर एक बाई कपडे काढायला आल्या. ललिताने दोन्ही हात हलवले. बाईंनी हसून हात हलवला आणि कपडे घेऊन आत गेल्या. पाच वर्षं काठावर उभं राहून ललिताने बोटीतल्यांना हात केले होते. ते का समजत नव्हते, हे तिला आज कळलं. तळ्यावर माणसं ओरडतात ती मजेने, असंच सगळ्यांना वाटतं.

मग खिडक्या लागायला लागल्या. आधी पहिल्या मजल्यावरची, मग कोपऱ्यातली. तिसऱ्या मजल्यावर, निळ्या टॉवेलच्या मागे, बनियन घातलेले एक गृहस्थ आले.

"आप्पा!" जयाताईंनी जिवाच्या आकांताने नवऱ्याला हाक मारली. "अहो आप्पा, इकडे!"

आप्पांनी कपाळावर हात धरून तळ्याकडे पाहिलं. त्यांचा चष्मा उशाशी राहिला असणार. त्यांनी वैतागून मान हलवली, काच सरकवली आणि खिडकी लावून घेतली. वर पडदाही ओढला.

जयाताईंचे हात थांबले. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. आपलं घर समोर आहे, आपलं माणूस त्यात जागं आहे, आणि तरी आपण इथे बुडू शकतो, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं ललिताला दिसलं. तिला त्या बाईंची दया आली. एवढं सगळं करून ठेवल्यावरही आली.

जयाताई पुन्हा उपसायला लागल्या. ऊन डोक्यावर. आत येणारं पाणी डब्याला ऐकत नव्हतं. मग जयाताई बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "ललिता, 'वाचवा'ला कुणी उठणार नाही. मी नसते उठले."

"मग?"

"मी गेल्या वर्षी कशाला उठले होते? ढोलाला. आवाज मदतीचा नको, त्रासाचा हवा."

ललिताने हंसाकडे पाहिलं. फायबरचा, छातीपासून मानेपर्यंत पोकळ. निकिता कॉलेजात असताना ढोलपथकात वाजवायची. सरावाच्या वेळी डबा घेऊन नदीकाठी जायची ललिता, आणि तासन्‌तास तोच ठेका ऐकत बसायची. तिने जयाताईंची स्टीलची पाण्याची बाटली उचलली आणि हंसाच्या छातीवर घातली. धडाम. पुन्हा. मग ठेका लागला. दुसऱ्या हातात तिने चप्पल घेतली. असा काही आवाज निघाला की जलपर्णीतले बगळे उडाले. तो पाण्यावरून गेला, सोसायटीच्या भिंतीवर आपटला आणि दुप्पट होऊन परत आला. जयाताई उपसत होत्या आणि म्हणत होत्या, "जोरात. अजून जोरात."

खिडक्या उघडल्या. एक, दोन, पाच. लोक गॅलऱ्यांत आले, कमरेवर हात ठेवून. आता कुणी हसून हात करत नव्हतं. एक गृहस्थ फोन कानाला लावून तावातावाने बोलत होते. ललिता थांबली नाही. तळहाताची साल गेली तरी थांबली नाही.

पलीकडे हिंदुरावांचा फोन वाजायला लागला होता. पहिला त्यांनी उचलला नाही. दुसऱ्याला "बघतो" म्हणाले. मग एकामागून एक यायला लागले, पाटीवरचा नंबर सगळ्यांनाच पाठ होता. शेवटी त्यांनी दत्तोबाला लाथ मारून उठवलं. "बोट घे आन् त्यो ढोल बंद कर जा. सोसायटीवाले मला जगू दिनात."

दत्तोबा वल्ह्याची नाव घेऊन, डोळे चोळत वळणाशी आला. "कोन हाय रं तिकडं? बंद करा की, लोकं बोंबलाया लागलीत." मग त्याला हंस दिसला, बाकड्यापर्यंत बुडालेला. बांबूने जलपर्णी रेटत तो आत घुसला. ललिताने आधी रेवाला उचलून त्याच्या हातात दिलं, मग जयाताईंना. शेवटी स्वतः गेली. वळून पाहिलं तर हंसाची नुसती मान पाण्यावर होती.

धक्क्यावर तोवर सोसायटीतले दोघे-तिघे भांडायला पोचले होते. त्यात आप्पाही होते, बनियनवर शर्ट अडकवून. भिजलेली बायको आणि कमरेला ओढणी बांधलेली नात बघून ते पायरीवरच बसले. रेवाचा ओला बूट हातात घेतला आणि म्हणाले, "मला आवाज आला होता, जया. मी खिडकी लावली." जयाताई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. विमान चुकलं, ते चुकू दिलं.

त्या रात्री निकिताचा हिंजवडीहून फोन आला. "आई, सोड ना ते काम." ललिता नुसतं हं म्हणाली. काम सुटणार नव्हतं. तिलाही ठाऊक होतं आणि निकितालाही.

सकाळी मात्र तिने फळीवरून बिस्किटांचा डबा काढला, सुई-दोरा घेतला आणि शिट्ट्या पुन्हा खांद्यांना शिवायला बसली. दप्तराच्या दुहेरी टाक्याने.

"ताई, सोसायटी तक्रार करंल," हिंदुराव म्हणाले.

"नाही कापणार मी," ललिता म्हणाली. मान वर न करता, टाका घालता घालता. "तक्रार करू द्या. तक्रार झाली म्हणून तर आम्ही काठाला लागलो."

दुपारी सोसायटीचा वॉचमन एक लाल मग देऊन गेला. मगावर जाड पेनाने, बँकेतल्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'काढू नये.'

त्या आठवड्यात एकदा, एकला बंद व्हायच्या बेतात, एका पोराने जॅकेट अंगात जाता जाता शिट्टी मारली. चांगली लांब, कर्कश. ललिताने पट्टा ओढता ओढता पलीकडे पाहिलं. सोसायटीच्या खिडक्या फटाफट लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक तेवढी उघडली. आप्पा चष्मा लावून गॅलरीत आले आणि तळ्यावरच्या सगळ्या बोटी परत येईपर्यंत कठड्याला धरून उभे राहिले.